आजीची संकष्टी आणि समुद्राचं घड्याळ

मित्रांनो, आपण पुणेकर मंडळी समुद्राच्या बाबतीत जरा फसतोच. आपलं गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर. पोहायला शिकतो ते तलावात, जिथे पाण्याची खोली भिंतीवर रंगवलेली असते आणि काठावर सर शिट्टी घेऊन उभे असतात. आणि मग सुट्टी लागली, की गाडी काढून बोरघाट उतरायचा, तीन-चार तासांत समुद्र गाठायचा आणि कपड्यांसकट पाण्यात धाव घ्यायची! समुद्राला मात्र भिंत नसते आणि त्याच्या खोलीचा आकडा दर तासाला बदलतो.

गेल्या हिवाळ्यात माझ्या भाचेमंडळींनी अलिबागला जायचा हट्ट धरला. थोरला भाचा आठवीत, धाकटी भाची पाचवीत. दोघांनाही कुलाबा किल्ला बघायचा होता. हा किल्ला म्हणजे गमतीचं बेट आहे बरं का! भरतीच्या वेळी चहूकडे पाणी, आणि ओहोटीला समुद्र इतका मागे सरतो की अलिबागच्या किनाऱ्यावरून चालत किल्ल्यात जाता येतं. म्हणजे दिवसातून दोनदा ते बेट असतं आणि दोनदा नसतं.

"मग मामा, आपण शनिवारी सकाळी पुण्यातून निघू, दुपारी किल्ला पाहू," भाच्याने कार्यक्रम जाहीर करून टाकला.

"दुपारी तिथे बेट असेल की जमीन?" मी विचारलं.

तो गप्प. मला वाटलं, आता भरती-ओहोटीचं कोष्टक शोधावं. पण तेवढ्यात भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी असलेली आजी म्हणाली, "शनिवारी संकष्टी आहे. म्हणजे वद्य चतुर्थी. चार त्रिक बारा, भागिले चार, तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती. तुम्ही किल्ल्यात नाही, किल्ल्याबाहेर उभे राहाल!"

आम्ही सगळे आजीकडे बघतच राहिलो. आजीचं माहेर कोकणातलं. तिने सांगितलेलं गणित तुम्हीही पाठ करून ठेवा.

तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, की आपल्या कोकण किनाऱ्यावर पूर्ण भरती साधारण किती वाजता असेल ते कळतं. शुद्ध पक्ष असो वा वद्य, प्रतिपदा म्हणजे एक, द्वितीया म्हणजे दोन, अशी मोजणी. चतुर्थीच्या चारची पाऊणपट तीन. म्हणून दुपारी तीन आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. म्हणजे सकाळी नऊ आणि रात्री नऊ. झालं!

हे असं का होतं? आजी संकष्टीला चंद्रोदय होईपर्यंत जेवत नाही. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि मग दररोज साधारण पाऊण ते एक तास उशीर करत जातो. म्हणून चतुर्थीला तिला रात्री नऊ-साडेनऊपर्यंत वाट पाहावी लागते. समुद्राचं पाणी चढतं-उतरतं ते मुख्यतः चंद्राच्या ओढीमुळे. मग चंद्राला जेवढा उशीर, तेवढाच भरतीलाही उशीर. म्हणजे आजीचं जेवण आणि समुद्राची भरती एकाच घड्याळावर चालतात!

आता तुमच्यापैकी एखादा हुशार विचारेल, "पौर्णिमेच्या पंधराची पाऊणपट सव्वाअकरा होते, आणि भरती तर बाराच्या आसपास असते!" बरोबर आहे. हे गणित अंदाजाचं आहे. त्यात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. म्हणून आम्ही आजीच्या गणितावर थांबलो नाही. छापील कोष्टक पाहिलं. त्यात नऊच्या पुढे थोडी मिनिटं होती. मग अलिबागला उतरल्यावर कोळ्यांनाही विचारलं. गणित, कोष्टक आणि तिथला माणूस, या तिघांचं एकमत झालं की मगच पाय पाण्यात घालायचा.

कार्यक्रम बदलला. शुक्रवारी दुपारीच निघायचं, रात्री अलिबागला मुक्काम आणि शनिवारी सकाळी किल्ला.

निघण्याआधी पिशव्या भरल्या. प्रत्येकाची पाण्याची बाटली आणि टोपी. पायात पट्ट्याच्या सँडल, कारण साध्या चपला ओल्या वाळूत आणि चिखलात रुतून बसतात. अनवाणी तर मुळीच जायचं नाही. किल्ल्याभोवतीच्या खडकांवर कालवं चिकटलेली असतात आणि त्यांच्या कवचांच्या कडा ब्लेडसारख्या कापतात. मोबाइलसाठी घट्ट बंद होणारी प्लॅस्टिकची पिशवी. आजीची रोजची औषधं दोन दिवसांऐवजी चार दिवसांची. कोरडे कपडे, टॉर्च, एक शिट्टी आणि थोडे सुटे पैसे. मुलांच्या खिशात एकेक चिठ्ठी, तिच्यावर आईबाबांचा फोन नंबर आणि आम्ही उतरणार होतो तिथला पत्ता. भाची म्हणाली, "मला नंबर पाठ आहे." मी म्हटलं, "घाबरल्यावर स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही. ठेव चिठ्ठी."

उन्हात फिरून जुलाब-उलट्या झाल्या तर काय करायचं, तेही ताईने मुलांकडून घोकून घेतलं होतं. एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा लहान, चहाचा. पाणी थोडं थोडं पीत राहायचं.

आता थोडं किल्ल्याविषयी. शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचं काम सुरू केलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये महाराज गेले आणि पुढचं बांधकाम संभाजी महाराजांच्या काळात पुरं झालं. नंतर कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं बनलं. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघांनी मिळून कुलाब्यावर चाल केली, पण किल्ला काही त्यांच्या हाती लागला नाही. तटाचे दगड बघितलेत तर नवल वाटेल. मोठमोठे दगड एकावर एक नुसते रचलेले, मधल्या फटींत चुना भरलेला नाही. लाट आदळली की पाणी फटींत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. ज्यांनी हा किल्ला बांधला त्यांनी समुद्राशी कुस्ती केली नाही, त्याचा स्वभाव ओळखून त्याला वाट करून दिली.

शनिवारी सकाळी सव्वाआठला आम्ही किनाऱ्यावर हजर. समुद्र खरोखरच दूर गेला होता. ओल्या वाळूतून माणसं रांगेने किल्ल्याकडे चालली होती आणि घोडागाड्या छपछप करत जात होत्या. आजीला गाडीत बसवलं, आम्ही चालत निघालो. निघताना मासळीची पाटी घेऊन चाललेल्या एका कोळीणबाईंना विचारलं, "मावशी, कितीपर्यंत परत यावं?"

"धाला भायेर पडा," त्या म्हणाल्या. "पाणी लागलं, का कुनाचं ऐकत नाय."

दहा म्हणजे दहा, असं आम्ही ठरवलं. भाच्याच्या घड्याळात दहाचा गजर लावला.

किल्ल्यात पोचलो आणि मुलं उधळली! तटावर चढली, चाकांच्या गाड्यांवरच्या तोफा पाहिल्या, गोड्या पाण्याची विहीर पाहून तर थक्कच झाली. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं! आजी देवळाजवळच्या सावलीत बसून होती. किल्ल्यात सिद्धिविनायकाचं देऊळ आहे, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं. आजीला संकष्टीच्या दिवशी त्याच गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं, पण सगळ्यांनी मिळून. ती आमच्यासाठी थांबली होती.

आम्ही परत आलो तेव्हा पावणेदहा झाले होते आणि संकष्टीची रांग देवळाबाहेर आली होती. आम्ही रांगेत उभे राहिलो. रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. आमच्या पुढे पंधरा-वीस माणसं असतील, तेवढ्यात भाच्याचं घड्याळ वाजलं. दहा!

"अजून थोडंच राहिलंय," भाचा म्हणाला. "पाणी कुठे आलंय? बघ ना मामा, सगळी माणसं अजून चालतच येताहेत!"

खरं सांगू? माझाही पाय निघत नव्हता. आजी इतक्या लांबून आली, दिवसभर उपाशी, आणि उशीर झाला तो आमच्यामुळे. दहा मिनिटांनी काय बिघडणार होतं?

पण ही 'दहा मिनिटं' मला चांगली ठाऊक आहेत. दहावीची परीक्षा संपल्यावर आम्ही पाच मित्र याच किल्ल्यात आलो होतो. तेव्हाही पाणी दूर दिसत होतं. तेव्हाही आम्ही तोफांपाशी 'आणखी दहा मिनिटं' केली होती, तीन वेळा. मग बाहेर पडलो तर घोट्याएवढं पाणी. मजा वाटली. मध्यावर आलो तर मांड्यांपर्यंत. पुढे वाळूत एक खोलगट पट्टा लागला आणि पाणी छातीला आलं. आमच्यातला एकजण तलावातल्या शर्यतीत बक्षीस मिळवलेला. सगळ्यांत जास्त तोच घाबरला, कारण पायाखालची वाळू सरकते आणि पाणी आडवं ओढतं, हे त्याला तलावात कधी कळलंच नव्हतं. आम्ही एकमेकांचे हात धरून ओरडत उभे राहिलो. एका होडीवाल्या काकांनी आम्हाला एकेक करून वर ओढलं. ते आम्हाला रागावले नाहीत. नुसतं एवढंच म्हणाले, "मी आज मासळीला लवकर निघालो, म्हणून बरं." ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आमची चूक काय होती, ते मला पुढे पुष्कळ वर्षांनी समजलं. दर्यावर्दी लोक एक सोपा हिशोब ठेवतात. ओहोटीपासून भरतीपर्यंत सहा तासांत पाणी जेवढं चढतं, त्याचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. मुंबई-अलिबागच्या बाजूला मोठ्या उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढतं. आपण चारच धरू. म्हणजे पहिल्या तासात पाणी ३३ सेंटिमीटर चढलं, आपल्या गुडघ्याच्याही खाली. दुसऱ्या तासात आणखी ६७, म्हणजे एकूण एक मीटर, तुमच्या कमरेच्या वर. तिसऱ्या तासात आणखी एक मीटर, म्हणजे एकूण दोन मीटर. घरातल्या सगळ्यांत उंच काकांच्याही डोक्यावरून पाणी! पहिला तास फसवा असतो, तो हा असा. पाणी येत नाहीसं वाटतं आणि मग एकदम येतं.

मी हे सगळं रांगेत सांगत बसलो नाही. सांगायची गरजच पडली नाही. आजीने गजर ऐकला, हातातलं दुर्वांचं पान शेजारच्या बाईंकडे दिलं, "माझ्याही वाटचं वाहा हो," म्हणाली आणि रांगेतून बाहेर पडली. कळसाकडे बघून तिने हात जोडले.

"आजी, अगं पण दर्शन?" भाचीचे डोळे भरून आले होते.

"बाप्पा इथेच आहे. तो कुठे जात नाही. पाणी मात्र आपल्यासाठी थांबायचं नाही. चला."

बाहेर आलो तेव्हा खोलगट जागी घोट्याएवढं पाणी जमू लागलं होतं. आजी गाडीतून आणि आम्ही भरभर चालत किनाऱ्याला लागलो. कोणी काही बोललं नाही. भाचा सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून.

बारा वाजता आम्ही किनाऱ्यावर सुरूच्या सावलीत बसून किल्ल्याकडे पाहत होतो. सकाळी ज्या वाळूवर मुलांनी रेघोट्या मारल्या होत्या तिथे आता लाटा होत्या. किल्ला पुन्हा बेट झाला होता. भाचा बराच वेळ तिकडे बघत बसला. मग आजीजवळ जाऊन म्हणाला, "आजी, पुढच्या संकष्टीला आधी दर्शन, मग तोफा."

मित्रांनो, आमची गोष्ट इथे सुखाने संपली. सगळ्यांची संपत नाही. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याच्या एका महाविद्यालयाची सहल याच रायगड जिल्ह्यात मुरूडला गेली होती. समुद्रात उतरलेल्यांपैकी १४ जण बुडाले. ती मुलं तुमच्या ताई-दादांच्या वयाची होती, हसत-खेळत घरून निघालेली. त्यांच्या आठवणीने समुद्राला घाबरायचं नाही. पण त्याच्या वाटेला बेसावध जायचं नाही, हे मात्र ठरवून टाकायचं.

म्हणून आणखी काही गोष्टी सांगतो.

समुद्रात गुडघ्याच्या वर जायचं नाही, आणि ओहोटी चालू असताना तर नाहीच, कारण उतरतं पाणी आत ओढतं. काही ठिकाणी लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी एका अरुंद पट्ट्यातून जोरात परत फिरतं. तिथे लाटा कमी फुटतात, म्हणून ती जागा उलट शांत वाटते! अशा ओढीत सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दमून जाल. अंग सैल सोडून तरंगा, हात वर करून हाक मारा. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत त्या पट्ट्याच्या बाहेर या आणि मग किनाऱ्याकडे वळा. आणि दुसरा कुणी बुडताना दिसला तर त्याच्यामागे उडी मारू नका. दोर, रिकामा बंद कॅन, फळी, जे तरंगेल ते फेका आणि मोठ्यांना बोलवा.

उथळ गढूळ पाण्यात पाय उचलून टाकू नका, वाळूवर घासत चाला. वाळूत पाकट मासा लपलेला असला तर तो चाहूल लागून निघून जातो. त्याच्या शेपटीला काटा असतो. तो लागलाच तर पाय सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा आणि डॉक्टरांकडे जायचं. किनाऱ्यावर पडलेले सुंदर निळे फुगे किंवा जेलीफिश मेलेले दिसले तरी हात लावायचा नाही. मेल्यावरही ते डसतात.

होडीत बसताना आधी जीवरक्षक जाकीट, मग गप्पा. जाकीट मांडीवर ठेवायचं नसतं, घालून बंद लावायचे असतात. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईहून घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान नावेची धडक बसली आणि बोट बुडाली. कित्येकांचे प्राण गेले. संकट सांगून येत नाही. पाण्यात पडल्यावर जाकीट शोधायला वेळ नसतो. होडीत गर्दी जास्त वाटली तर "पुढच्या होडीने जाऊ" असं आईबाबांना सांगायला लाजू नका.

पावसाळ्यात बेटांवर जायचा बेतच करायचा नाही. जून-जुलैत कोळीसुद्धा आपल्या यांत्रिक होड्या किनाऱ्याला ओढून ठेवतात आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देतात. ज्यांचा जन्म समुद्रावर गेला ते थांबतात, तर आपण का घाई करावी?

प्रत्येक समुद्राचा स्वभाव वेगळा असतो, हेही लक्षात ठेवा. ग्रीस देशात शेकडो बेटं आहेत. तिथल्या एजियन समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर, फार तर हातभर. तिथे आजीचं गणित चालणार नाही! पण तिथे ऐन उन्हाळ्यात उत्तरेकडून 'मेल्तेमी' नावाचं वारं सुटतं. आकाश निळंभोर असतं आणि तरी वाऱ्यामुळे बोटी बंद राहतात. परतीचं विमान त्याच दिवशीचं असेल तर फजितीच! म्हणून तिथे जाणारे शहाणे प्रवासी एक दिवस हाताशी मोकळा ठेवतात आणि औषधं जास्त बरोबर नेतात. बेट कुठलंही असो, तिथे दुकान, दवाखाना आणि शेवटची बोट यांची चौकशी आधी करायची.

तीन नंबर वहीत लिहून ठेवा. कुठल्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि समुद्रात कुणी अडकलं तर तटरक्षक दलाचा १५५४.

आता एक गणित तुमच्यासाठी. शुद्ध एकादशीला अलिबागला पूर्ण भरती साधारण किती वाजता, आणि दिवसा ओहोटी किती वाजता? पण उत्तर काढून लगेच निघू नका हं! अष्टमीच्या आगेमागे भांगाचा समुद्र असतो. तेव्हा ओहोटीलाही पाणी फारसं मागे हटत नाही आणि चालत जाता येईलच असं नसतं. म्हणून तिथल्या माणसाला विचारायचंच.

आणि हो, आजीचं दर्शन राहिलं नाही बरं का! पुढच्या महिन्यातल्या संकष्टीला आम्ही पुन्हा गेलो. या वेळी साडेआठला देवळात होतो. तोफा नंतर बघितल्या. दहाला पाच मिनिटं कमी असताना भाच्यानेच सगळ्यांना हाक मारली. घड्याळ वाजायच्या आधी!